ओल्डेनबर्गचे रॉबिन: बिघाड होकायंत्रात होता की खोलीत?

युरोपीय रॉबिन हा मुठीत मावेल एवढा, रात्री स्थलांतर करणारा पक्षी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तो दिशा ओळखतो, हे फ्रँकफर्टमध्ये फ्रीड्रिश मेर्केल आणि वोल्फगांग विल्चको यांनी 1960 च्या दशकात प्रयोगाने दाखवले. 1972 मध्ये वोल्फगांग आणि रोस्विथा विल्चको यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. या पक्ष्याचे होकायंत्र आपल्यासारखे उत्तर-दक्षिण ओळखत नाही, तर क्षेत्ररेषा जमिनीकडे किती कललेल्या आहेत ते ओळखते. म्हणजे त्याला ‘ध्रुवाकडे’ आणि ‘विषुववृत्ताकडे’ एवढेच कळते. त्यानंतरच्या तीन दशकांत अनेक प्रयोगशाळांत हा निकाल पुन्हा पुन्हा मिळाला. चुंबकीय दिशाज्ञानाच्या अभ्यासात रॉबिन जवळजवळ प्रमाण पक्षी झाला.

म्हणूनच उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठात जे घडले ते विचित्र होते. हेन्रिक मौरिटसेन यांच्या गटाने विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत तोच प्रयोग मांडला. पक्षी त्याच जातीचा, ऋतू स्थलांतराचा, मांडणीही सर्वमान्य; पण पक्ष्यांना दिशा सापडेना. ते धडपडत, उड्या मारत, मात्र एकाचे तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचे नैर्ऋत्येला. गटाची मिळून अशी दिशा निघतच नव्हती.

या कोड्याचा उलगडा व्हायला काही वर्षे लागली. एकूण सात वर्षांच्या प्रयोगांचा निकाल मे 2014 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे प्रकरण बहुधा ‘विजेच्या उपकरणांमुळे पक्षी भरकटतात’ अशा एका वाक्यात गुंडाळले जाते. त्या वाक्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निसटते: हे सिद्ध कसे केले, आणि सिद्ध झाल्यावरही काय समजलेले नाही.

पक्ष्याची दिशा मोजतात कशी

उपकरण दिसायला अगदी साधे असते. 1966 मध्ये स्टीफन एमलेन आणि त्यांचे वडील जॉन एमलेन यांनी ते मांडले. ते म्हणजे एक नरसाळे, त्यात पक्षी, वर जाळी किंवा झाकण. स्थलांतराच्या दिवसांत पिंजऱ्यातला पक्षीही रात्री अस्वस्थ होतो आणि ज्या दिशेला जायचे त्या बाजूला उड्या मारतो. मूळ रचनेत तळाशी शाईचा पॅड आणि भिंतीला टीपकागद असे. पायाचे ठसे मोजून दिशा काढत. पुढे टंकलेखनातली चूक पुसायचा पांढरा कागद आला आणि आता थर्मल पेपर वापरतात. बिलाच्या पावतीसाठी वापरतात तोच. नखाचा ओरखडा त्यावर काळा उमटतो. ओल्डेनबर्गची नरसाळी ॲल्युमिनिअमची, वरचा व्यास 35 सेंटिमीटर, उंची 15 सेंटिमीटर आणि भिंतीचा उतार 45 अंश. उतार फार कमी ठेवला तर पक्षी वरच जाऊन बसतो, फार जास्त ठेवला तर ओरखडे तळाशी गोळा होतात आणि वाचता येत नाहीत.

पक्ष्याला तासभर आत ठेवतात. खोलीत अतिशय मंद पांढरा प्रकाश असतो, चौरस मीटरमागे सुमारे 2 मिलिवॉट. तारे, क्षितिज, सूर्यास्ताची लाली यातले काहीही दिसत नाही. कागद काढल्यावर दोन व्यक्ती स्वतंत्रपणे ओरखड्यांची सरासरी दिशा ठरवतात. त्यांना पक्षी कोणत्या परिस्थितीत होता हे माहीत नसते. दोघांच्या उत्तरांत 30 अंशांपेक्षा जास्त फरक पडला, किंवा ओरखडे सगळीकडे सारखेच वाटले, तर तिसऱ्याला विचारतात. तिघांचेही जुळले नाही तर तो कागद दिशाहीन म्हणून बाजूला जातो.

इथे एक सापळा आहे आणि जुन्या प्रयोगांपैकी काही त्यात अडकलेले आहेत. एकाच पक्ष्याची दहा वेळा चाचणी घेतली म्हणजे दहा पक्षी होत नाहीत. आधी प्रत्येक पक्ष्याची स्वतःची सरासरी दिशा काढायची आणि मग त्या सरासऱ्यांची बेरीज सदिश पद्धतीने करायची. येणाऱ्या सदिशाची लांबी r ही 0 ते 1 मध्ये असते. सगळ्यांचे तोंड एकाच बाजूला असेल तर 1, पूर्ण विखुरलेले असेल तर 0 च्या आसपास. हे योगायोगाने घडण्याची शक्यता रेले चाचणी सांगते. पक्ष्यांची संख्या n असेल तर ढोबळमानाने ती e चा ऋण nr² घात एवढी असते. 20 पक्षी असतील तर r साधारण 0.39 च्या वर गेल्याशिवाय 5 टक्क्यांची रेषा ओलांडत नाही. r 0.5 आला तर योगायोगाची शक्यता एका टक्क्याच्या खाली जाते, 0.2 आला तर ती 45 टक्के, म्हणजे हाती काहीच नाही.

एकच दिशा मिळाली तरी ती चुंबकीय क्षेत्रामुळेच मिळाली असे म्हणता येत नाही. कोपऱ्यातला आवाज, दाराच्या फटीतला उजेड, जमिनीचा किंचित उतार, काहीही कारण असू शकते. म्हणून नरसाळ्यांभोवती तांब्याच्या तारेच्या कॉइल असतात आणि त्यांतून प्रवाह सोडून चुंबकीय उत्तर 120 अंशांनी डावीकडे वळवतात. क्षेत्राची तीव्रता आणि कल तेवढाच राहतो, फक्त दिशा बदलते. पक्षीही 120 अंशांनी वळले तरच ते चुंबकीय होकायंत्र. तारेचे प्रत्येक वेटोळे दुहेरी असते. दोन्ही तारांत प्रवाह एकाच दिशेने सोडला की क्षेत्र वळते. विरुद्ध दिशेने सोडला की दोघांचे क्षेत्र एकमेकांना खोडते, पण कॉइल तितकीच तापते आणि तितकीच गुणगुणते. त्यामुळे ‘कॉइल चालू आहे हे पक्ष्याला जाणवले असेल’ ही शंकाही मिटते.

ओल्डेनबर्गला स्थानिक क्षेत्र सुमारे 49,000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) आणि क्षितिजाशी त्याचा कल सुमारे 68 अंश आहे. यातला पहिला आकडा पुढे लागेल.

कुठे कुठे बिघडू शकते

पक्षी विखुरले की पहिला संशय पक्ष्यावरच येतो. त्याला स्थलांतराची ओढच नसेल तर दिशा निघणार नाही. पण मग ओरखडेही कमी असतात, आणि इथे पक्षी चांगले सक्रिय होते. दुसरा संशय प्रकाशावर. रॉबिनचे चुंबकीय होकायंत्र उजेडावर चालते. निळ्या आणि हिरव्या प्रकाशात ते काम करते, निव्वळ लाल प्रकाशात करत नाही, हे 1990 च्या दशकापासून माहीत आहे. तेव्हा दिव्याचा वर्णपट तपासावा लागतो. तिसरा संशय लोखंडावर: खिळे, बिजागऱ्या, जमिनीतली सळई. नरसाळ्याच्या जागी स्थिर चुंबकीय क्षेत्र मोजणारा फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर फिरवला की हे अर्ध्या तासात कळते. चौथा संशय तीव्रतेवर. या पक्ष्यांचे होकायंत्र सवयीच्या तीव्रतेपेक्षा साधारण पाव ते तीस टक्के कमी-जास्त क्षेत्रातच लगेच चालते, त्यामुळे कॉइलची बेरीज चुकली तर निकाल बिघडतो.

या सगळ्यात एक समान धागा आहे. हे स्थिर किंवा हळू बदलणारे घटक आहेत आणि पक्षीशास्त्रज्ञाच्या हातातली नेहमीची उपकरणे तेवढेच दाखवतात. फ्लक्सगेटला मेगाहर्ट्झमधले, म्हणजे सेकंदाला लाखो वेळा बदलणारे, काहीही दिसत नाही. खोलीत ते होते, आणि मोजायला कोणी गेले नव्हते.

सूचना आली ती निल्स-लास श्नायडर यांच्याकडून. ते विद्युत-शरीरक्रियाशास्त्रातले. चेतापेशींतले सूक्ष्म विद्युत संकेत मोजणाऱ्या माणसाला बाहेरून येणारा विजेचा गोंगाट हा रोजचाच शत्रू, आणि धातूच्या पिंजऱ्यात बसून तो पिंजरा अर्थ करणे हा त्यावरचा रोजचाच इलाज. तेच पक्ष्यांच्या खोलीला करून पाहावे, असे त्यांनी सुचवले.

पत्रा आणि अर्थिंग

खोल्यांना ॲल्युमिनिअमचा पत्रा लावला आणि त्याचे अर्थिंग केले. पक्ष्यांना दिशा सापडली. चुंबकीय उत्तर 120 अंश वळवले तर तेही वळले.

ॲल्युमिनिअमच का? त्यात चुंबकत्व नाही, त्यामुळे पृथ्वीचे स्थिर क्षेत्र त्याला जणू नसल्यासारखे ओलांडून आत येते. बदलते क्षेत्र मात्र पत्र्यात प्रवाह निर्माण करते आणि तो प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतो. लहर धातूत किती खोल शिरते हे वारंवारतेवर अवलंबून असते. ॲल्युमिनिअममध्ये ही खोली 50 हर्ट्झला सुमारे 12 मिलिमीटर, 50 किलोहर्ट्झला 0.4 मिलिमीटरच्या आतबाहेर आणि 5 मेगाहर्ट्झला 0.04 मिलिमीटर असते. म्हणजे एखाद-दोन मिलिमीटरचा पत्रा घरगुती विजेच्या 50 हर्ट्झ क्षेत्राला जवळपास अडवतच नाही, पण शेकडो किलोहर्ट्झपासून वरच्या लहरींना भिंतीसारखा असतो. ओल्डेनबर्गच्या मोजणीत 50 किलोहर्ट्झ ते 5 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला गोंगाट सुमारे शंभर पटींनी घटला. या एका गोष्टीतूनच पहिली महत्त्वाची माहिती मिळते: पक्ष्यांना छळणारे जे काही होते ते 50 हर्ट्झचे नव्हते, कारण ते तर पत्र्यानंतरही आत होतेच.

असा पत्रा लावणे सोपे वाटते, पण कागदावरची जाडी आणि प्रत्यक्षातले कवच यांत मोठे अंतर पडते. पत्रा फुटतो तो सांध्यात. दोन पत्रे एकमेकांवर नुसते टेकवले तर मध्ये ऑक्साइडचा थर राहतो, आणि तो विजेला अडवतो. प्रवाहाला सांध्यापाशी वळसा पडतो आणि तिथूनच गोंगाट आत शिरतो. सांधा घासून, दाबून, थोड्या थोड्या अंतरावर स्क्रू लावून आवळावा लागतो आणि स्क्रू पितळी किंवा ॲल्युमिनिअमचे हवेत. दाराच्या चारी कडांना धातूचा लवचिक संपर्क लागतो. हवेसाठी ठेवलेली बोटभर भोके मात्र फारशी त्रास देत नाहीत. कारण 5 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 60 मीटर, म्हणजे भोकापेक्षा कितीतरी मोठी असते. खरा घरभेदी म्हणजे आत जाणारी वायर. बाहेरचा सगळा गोंगाट ती अँटेनासारखा गोळा करून थेट नरसाळ्यापाशी नेऊन सोडते. दिव्याची, कॉइलची, पंख्याची प्रत्येक वायर भिंतीपाशी फिल्टरमधून घ्यावी लागते. आणि ज्या दिव्याला स्विचिंग (प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करणाऱ्या) पद्धतीचा वीजपुरवठा आहे तो आत ठेवला, तर कवच उलटेच काम करते: आतला गोंगाट आतच कोंडतो.

अर्थिंगचे महत्त्व वेगळे. अधांतरी पत्रा बाहेरच्या विद्युत क्षेत्राबरोबर स्वतःच वरखाली होत राहतो आणि तो चढउतार आतही पोचवतो. जमिनीशी जोडला की तो ठिकाणावर राहतो. ओल्डेनबर्गला याचा प्रत्यय मोजणीत आला, आणि संशोधकांनी त्याचाच प्रयोग केला.

पुरावा नेमका कशात आहे

‘पत्रा लावला, पक्षी सुधारले’ एवढ्यावर हा शोधनिबंध टिकला नसता. पत्र्याने खोलीतला आवाज बदलतो, उजेड परावर्तित होतो, तापमान बदलते, वासही बदलतो. त्यातले कोणतेही एक कारण असू शकते. म्हणून पत्रा तसाच ठेवून फक्त अर्थिंगची जोडणी काढली. खोली तीच, पत्रा तोच, उजेड तोच. फरक एका वायरचा. पक्षी पुन्हा विखुरले. वायर जोडली, पुन्हा दिशा सापडली. या संपूर्ण प्रकरणातला सर्वात बोलका प्रयोग आम्हांला हाच वाटतो. बदल इतका लहान आहे की पक्ष्याला तो दुसऱ्या कुठल्या वाटेने कळणार, हे सुचवणेच अवघड.

पुढची पायरी उलट बाजूने. पत्रा आणि अर्थिंग दोन्ही जागेवर ठेवून खोलीच्या आत सिग्नल जनरेटर आणि अँटेनाने मुद्दाम रुंद पट्ट्यातला गोंगाट सोडला, आवारात असे साधारण तितक्याच ताकदीचा. दिशा गेली. मग तो गोंगाट दोन वेगळ्या पट्ट्यांत तोडला: एक साधारण 20 ते 450 किलोहर्ट्झ, दुसरा साधारण 600 किलोहर्ट्झ ते 3 मेगाहर्ट्झ. दोन्हींपैकी कोणताही एक पुरेसा ठरला. म्हणजे दोष एखाद्या ठरावीक वारंवारतेचा नाही.

शेवटी पक्षी शहराबाहेर, विजेच्या गोंगाटापासून दूर नेऊन विनापत्र्याच्या जागी तपासले. तिथे कसल्याही कवचाशिवाय त्यांना दिशा सापडली. पत्र्यात स्वतःची काही जादू नाही, हे त्याने ठरले.

हे सगळे दुहेरी अंधपणे केले होते. चाचणी घेणाऱ्याला त्या रात्री अर्थिंग जोडलेले आहे की नाही, गोंगाट चालू आहे की बंद, हे माहीत नसे आणि ओरखडे वाचणाऱ्यालाही नसे. वर्षागणिक चाचणी घेणारे विद्यार्थी बदलत गेले, तरी निकाल बदलला नाही. दुर्बळ विद्युतचुंबकीय क्षेत्रांच्या जैविक परिणामांचे क्षेत्र वादांनी आणि न जमलेल्या पुनरावृत्तींनी इतके भरलेले आहे की यापेक्षा कमी कसोटीवर कोणी काही मान्य केले नसते.

आकडे जुळत नाहीत, आणि तेच खरे प्रकरण आहे

आवारातला हा गोंगाट मोजायला वळय-अँटेना आणि कोणत्या वारंवारतेला किती ताकद आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर लागतो. विद्युत घटक आणि चुंबकीय घटक वेगवेगळे मोजावे लागतात, कारण स्रोताच्या जवळ त्यांचे गुणोत्तर ठरलेले नसते. आकडा देताना बँडविड्थ (मोजलेल्या पट्ट्याची रुंदी) आणि सरासरी की कमाल हे सांगितले नाही तर तो निरर्थक असतो. दोन प्रयोगशाळांचे ‘इतके नॅनोटेस्ला’ एकमेकांशी न जुळण्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

तीव्रता नॅनोटेस्लाच्या पातळीची निघाली, पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पटींनी क्षीण. माणसांसाठी घातलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा 1 मेगाहर्ट्झला 920 नॅनोटेस्ला होती. तिच्यापुढेही हे नगण्यच. मग इतक्या क्षीण गोष्टीने पक्ष्याचे होकायंत्र बिघडते कसे?

सध्याचा सर्वांत बळकट सिद्धान्त मूलक-जोडीचा आहे. क्लाउस शुल्टेन यांनी 1978 मध्ये तो मांडला आणि 2000 मध्ये थॉर्स्टेन रिट्झ, सलीह अदेम आणि शुल्टेन यांनी त्याला क्रिप्टोक्रोम या प्रथिनाची जोड दिली. निळा प्रकाश पडला की डोळ्यातल्या या प्रथिनात एक इलेक्ट्रॉन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या साखळीतून फ्लेविन या प्रकाश शोषणाऱ्या रेणूकडे उडी मारतो. मागे आणि पुढे एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, ही मूलक-जोडी. त्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (त्यांचे अंगभूत सूक्ष्म चुंबकत्व) कधी विरुद्ध, कधी समांतर अशा अवस्थांत झुलत राहतात. चुंबकीय क्षेत्राची दिशा त्या झुलण्याचा तोल बदलते आणि त्यानुसार रासायनिक उत्पादन कमी-जास्त होते. 2021 मध्ये रॉबिनच्या क्रिप्टोक्रोम 4 वर परीक्षानळीत हा परिणाम दिसला, आणि कोंबडी व कबूतर यांच्या त्याच प्रथिनापेक्षा तो अधिक होता. कोंबडी स्थलांतर करत नाही, हे लक्षात घेण्यासारखे. मात्र परीक्षानळीत लावलेली क्षेत्रे पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी प्रबळ होती, हेही विसरू नये.

हा सिद्धान्त रेडिओ लहरींच्या परिणामाचे भाकीत करतो, ही त्याची खूबी. स्थिर क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा स्पिन दर नॅनोटेस्लाला सेकंदाला 28 फेऱ्या मारतो. 49,000 नॅनोटेस्लाला ते सुमारे 1.37 मेगाहर्ट्झ होते, म्हणजे एक फेरी साधारण पाऊण मायक्रोसेकंदात. याच पट्ट्यातली बाहेरची लहर स्पिनला ढकलू शकते. चोचीतल्या लोहकणांवर चालणारे होकायंत्र असते तर असे घडायला नको होते. कण मेगाहर्ट्झच्या वेगाने वळू शकत नाहीत. 2004 मध्ये रिट्झ आणि फ्रँकफर्टच्या गटाने 0.1 ते 10 मेगाहर्ट्झच्या 85 नॅनोटेस्ला गोंगाटात रॉबिन दिशाहीन होतात हे दाखवले, तेव्हा मूलक-जोडीच्या बाजूने तो मोठा पुरावा मानला गेला.

आता हाच हिशेब ओल्डेनबर्गला लावा. 1 नॅनोटेस्लाची लहर सेकंदाला 28 फेऱ्यांच्या गतीनेच स्पिन वळवणार. पूर्ण फेरीला सुमारे 36 मिलिसेकंद. तेवढा वेळ स्पिन आपली अवस्था टिकवून बसला तरच त्या लहरीचा त्याच्यावर काही परिणाम होईल. प्रथिनातल्या मूलकाचा स्पिन मात्र मायक्रोसेकंदांतच आठवण विसरतो. फरक हजारो पटींचा आहे. या कसोटीवर पाहिले तर ओल्डेनबर्गचा परिणाम दिसायलाच नको.

पुढच्या एका प्रयोगाने हा पेच आणखी आवळला. 2019 मध्ये 0.1 ते 100 किलोहर्ट्झचा गोंगाट सोडला तेव्हा रात्री स्थलांतर करणाऱ्या गायक पक्ष्यांची दिशा बिघडली नाही. 100 किलोहर्ट्झचे एक आवर्तन 10 मायक्रोसेकंदांचे. त्याहून संथ लहर स्पिनला जवळपास स्थिरच भासत असेल, तर स्पिनची आठवण 10 मायक्रोसेकंदांपेक्षा कमी टिकत असली पाहिजे. म्हणजे ‘पक्ष्याच्या प्रथिनात आठवण विलक्षण लांब टिकत असेल’ ही पळवाटही बंद झाली.

गोंगाट रुंद असला की अधिक बाधतो, हेही 2016 मध्ये ओल्डेनबर्गच्याच गटाला आढळले: क्षीण पण रुंद पट्ट्याची लहर पक्ष्यांना चकवते, तर बरीच प्रबळ पण एकाच वारंवारतेची लहर तितकी चकवत नाही. 2004 च्या निकालात एकेरी वारंवारताही पुरेशी ठरली होती. दोन गटांच्या निकालांतला हा फरक अजून मिटलेला नाही. फ्रँकफर्टचे रॉबिन शहरातल्याच लाकडी खोल्यांत, पत्र्याशिवाय, वर्षानुवर्षे दिशा दाखवत आले, हेही या हिशेबात धरावे लागते. शहर म्हटले की गोंगाट सारखाच असेल असे नाही. एका इमारतीतले एखादे उपकरणही फरक पाडते. पण दोन्हीकडच्या गोंगाटाची एकाच पद्धतीने केलेली मोजणी शेजारी ठेवल्याशिवाय हे स्पष्टीकरण अंदाजच राहते.

पट्ट्याची वरची कड

आकड्यांचे गणित अडले तरी सिद्धान्ताची एक वेगळी परीक्षा घेता येते. रेडिओ लहर किती वारंवारतेपर्यंत स्पिनला हलवू शकेल, हे मूलकातल्या अणुगर्भांच्या चुंबकत्वावर ठरते. फ्लेविन असलेल्या मूलक-जोडीसाठी ही वरची कड गणिताने 116 मेगाहर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या खाली पक्षी चकले पाहिजेत, वर चकता कामा नयेत. ओल्डेनबर्गच्या गटाने काळ्या टोपीच्या वटवट्यांवर हे तपासले. 2022 मध्ये 75 ते 85 मेगाहर्ट्झला दिशा गेली. 2023 मध्ये 140 ते 150 आणि 235 ते 245 मेगाहर्ट्झला दिशा कायम राहिली. कड जिथे असायला हवी होती त्याच्या दोन्ही बाजूंना निकाल बरोबर पडले. संवेदनशीलतेचा आकडा का जुळत नाही हे न सांगताही या प्रयोगाने ‘संवेदक फ्लेविनवाली मूलक-जोडी आहे’ या म्हणण्याला वजन दिले.

याच निकालांमुळे मोबाइलच्या टॉवरबद्दलचा नेहमीचा प्रश्नही थोडक्यात निकाली निघतो. मोबाइलच्या लहरी शेकडो-हजारो मेगाहर्ट्झच्या, उच्चदाबाच्या तारांचे क्षेत्र 50 हर्ट्झचे. दोन्ही या पट्ट्याच्या बाहेर. आतमध्ये येतात ती एएम रेडिओ केंद्रे आणि स्विचिंग वीजपुरवठ्यासह असंख्य विद्युत उपकरणे. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने दीर्घ लहरींचे प्रक्षेपण 2014 अखेर आणि मध्यम लहरींचे 2015 अखेर थांबवले, त्यामुळे तिथला वर्णपटही आता पूर्वीचा उरलेला नाही. शिवाय खोलीतल्या पक्ष्याला चुंबकीय क्षेत्राखेरीज दुसरा आधारच ठेवलेला नसतो. मोकळ्या आकाशात उडणाऱ्या पक्ष्याला सूर्यास्त असतो, तारे असतात. शहरावरून जाताना त्याचे चुंबकीय होकायंत्र काही काळ निकामी होत असेलही. त्यामुळे तो वाट चुकतो का, याचे उत्तर नरसाळ्यातून मिळत नाही.

डोळ्याजवळ लावले तर?

संवेदक डोळ्यात आहे, या समजुतीला बरेच आधार आहेत. होकायंत्राला उजेड लागतो. मेंदूतला ‘क्लस्टर एन’ हा दृष्टीशी जोडलेला भाग निकामी केला की रॉबिनची चुंबकीय दिशा जाते, आणि चोचीकडून येणारी ट्रायजेमिनल चेता कापली तरी ती राहते; हे ओल्डेनबर्गनेच 2009 मध्ये दाखवले. मग रेडिओ लहरींचा परिणामही डोळ्यातच व्हायला हवा.

रशियातल्या कुरोनियन पट्टीवरच्या रिबाची केंद्रात काम करणाऱ्या गटाने ते थेट तपासले. त्यांचे गार्डन वॉर्बलर 1.4 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, केवळ 2 ते 3 नॅनोटेस्लाच्या लहरीनेही चकत, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले होते. ओल्डेनबर्गच्या अविश्वसनीय वाटणाऱ्या संवेदनशीलतेला त्याने स्वतंत्र दुजोरा मिळाला. त्यानंतर त्यांनी पक्ष्यांच्या डोक्यावर चिमुकल्या कॉइल बसवल्या आणि लहर फक्त डोळ्यांवर सोडली. 2020 मध्ये आलेला निकाल असा: पक्ष्यांची दिशा बिघडली नाही.

याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे रेडिओ लहर ज्या जागी बाधते ती जागा डोळा नाही, मग होकायंत्र डोळ्यात असो वा नसो. दुसरा म्हणजे कॉइलचे क्षेत्र डोळ्याच्या पडद्यावर पोचले तरी त्याची दिशा आणि पसरण खोलीभर पसरलेल्या क्षेत्रासारखी नव्हती. यातले कोणते खरे, हे ठरवायला उलटा प्रयोग लागेल: पक्ष्याच्या बाकी शरीरावर लहर सोडायची आणि डोळे तिच्यापासून झाकायचे. 18 ग्रॅमच्या, नरसाळ्यात तासभर उड्या मारणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यांभोवती उजेड आत येऊ देणारे पण मेगाहर्ट्झला अडवणारे कवच बसवणे, ही सध्या तरी यांत्रिक अडचण आहे. जाळी बारीक केली तर उजेड कमी होतो, आणि उजेड कमी झाला की होकायंत्रच थांबते.